पिस्गानंतरची चाल

अश्दोद, इस्रायल

प्रिय दोस्ता,

पत्राला फार उशीर झाला. २०२३ च्या ७ ऑक्टोबरला, याच सिम्हाथ तोराच्या सणाच्या सकाळी इथे सायरन वाजत होते, तेव्हा तुझे किती फोन आले! मी पुढे धड बोललोच नाही. माफ कर. तब्येत बरी, गुडघे सोडून.

यंदा मला ‘हातान तोरा’ केलं. वर्षभर शनिवारी-शनिवारी वाचत आणलेल्या तोराचा, मोशेंच्या पाच ग्रंथांचा, शेवट माझ्या वाट्याला आला. बाबांनंतर हा मान मला मिळेल, असं तू एकटाच म्हणायचास.

इथे सिम्हाथ तोरा तुमच्या एक दिवस आधी. आमचा सण उतरला तेव्हा ठाण्यात तुम्ही सेफर, तोराची गुंडाळी, उचलून सातांपैकी पहिल्या फेरीला लागला असाल. अडीच हजार मैलांवरून नव्हे, मागच्या बाकावरून ऐकू यावं असं वाटत होतं.

उभा राहिलो आणि तोंडात बाबांचीच चाल आली. मोशे रब्बेनू, आपले गुरू मोशे, नेबो डोंगरावर चढतात, पिस्गाच्या माथ्यावर, तिथवर नीट. पुढे बाबा आवाज खाली उतरवायचे की वर न्यायचे? आठवेना. इथे मोरोक्कोकडचे जास्त, शेवटी त्यांच्या चालीवर पुरं केलं. लगेच दुसरा सेफर उघडून ‘बेरेशीथ’, तोराची सुरुवात, सुरू झालं, पोरं नाचायला लागली. मी मात्र पिस्गावरच अडकलेलो. मोशेंनी देवाने कबूल केलेला देश तिथून नुसता बघितला. बाबांनी तर तेवढाही नाही, ते ठाण्याच्या मातीतच राहिले. त्यांची चाल माझ्यापाशी आली होती, ती मी वाटेत सांडली. मुलाने विचारलं, “ते सुरुवातीचं काय होतं?” काय शिकवू त्याला?

लेकीचं ठरलं म्हणे! फार आनंद झाला. वहिनींना सांग, येणार.

आठवतं, सगळी पोरं एका तल्लीथखाली, प्रार्थनेच्या शालीखाली, उभी असायची आणि तू कोपरा ओढायचास? तिथेच एकदा म्हणालास, “तुझे बाबा पिस्गानंतर चुकतात.” मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नव्हतो. ती चूक नव्हती, अजूनही सांगतो. पण तू चूक म्हणून धरून ठेवलीस, म्हणजे तुला ती अजून आठवत असणार.

शनिवार सोडून कधीही, फोनवर म्हणून पाठव. पिस्गाच्या आधीपासून. घसा बसला असला तरी चालेल.

तुझाच