वेगळा ठेवायचा मासा कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण घरातल्या फिशटँकवर अर्धं पान दिलं होतं. फोटो झकास होते. पण खाली चौकटीत एक वाक्य होतं, मासा आजारी दिसला की त्याला ताबडतोब दुसऱ्या भांड्यात काढून ‘क्वारंटाइन’ करावं. अगदी हेच मी गेल्या डिसेंबरात केलं आणि मासा घालवून बसलो. म्हणून हे पत्र.

कराडला माझं टेलरिंगचं दुकान आहे. आयांची मापं घेताना पोरं शांत बसावीत म्हणून नऊ वर्षांपूर्वी कटिंग टेबलाशेजारी तीन फुटी टाकी ठेवली. काळ्या मॉली, दोन एंजल, एक गोरामी आणि काचेला चिकटून राहणारा एक सकर. पोरं बसतात, त्यांच्यापेक्षा त्यांचे आजोबा जास्त बसतात. तर डिसेंबरात नातीच्या हट्टापायी पुण्याहून दोन बलून मॉली आणल्या. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली आणि मग माशांच्या दुकानातल्या पाण्यासकट मासे आत ओतले. आता लिहितानाही लाज वाटते.

पाचव्या दिवशी जुनी एक मॉली खड्यांवर अंग घासायला लागली. सहाव्या दिवशी ट्यूब लावली तर तिच्या शेपटावर पांढरे ठिपके, काळ्या टेरिकॉटवर खडूचं टोक टेकवल्यासारखे. मोजले, अकरा होते. याला व्हाइट स्पॉट म्हणतात, मासे पाळणाऱ्याला कधी ना कधी गाठतोच. मी तिला जाळीने उचललं, बादलीत नळाचं ताजं पाणी भरलं, मिथिलीन ब्लू म्हणजे निळं औषध टाकलं, एअर पंपाची एक नळी सोडली आणि शटर ओढून घरी गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तळाशी आडवी पडलेली. अंगावर ठिपका मात्र एकही नव्हता! मला वाटलं, औषध लागू पडलं होतं, मासाच कमजोर निघाला. त्याच संध्याकाळी टाकीतल्या दोन्ही एंजलच्या परांवर ठिपके दिसले.

आमच्या आळीतला एक मुलगा रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. पँटची उंची कमी करून घ्यायला आला होता. बादली कोपऱ्यात तशीच होती. त्याने पहिला प्रश्न विचारला, “काका, हिच्यात हिटर कुठाय?” नव्हता. टाकीत होता, बादलीत नव्हता, आणि कराडला डिसेंबरातली पहाट कशी असते ते इथल्या वाचकांना सांगायला नको. दुसरा प्रश्न, “फिल्टर?” तोही नाही. मासा सोडतो तो अमोनिया दोन रात्री त्या दहा लिटर पाण्यात साठत गेला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मी मारलं नव्हतं, ते वेगळंच. तिसरा प्रश्न, “जाळी एकच का?” एकच, आणि ओली जाळी रोगही इकडून तिकडे नेते. म्हणजे व्हाइट स्पॉटने मारायच्या आधी मॉलीला मीच मारलं असण्याची शक्यता जास्त.

मग पँट बाजूला ठेवून त्याने मला बटणांच्या डब्यावर समजावलं. ठिपका दिसतो तो एक परजीवी. तो माशाच्या कातडीच्या पापुद्र्याखाली शिरून पोसतो, तिथे औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोसून झाला की गळून खड्यांना, काचेला चिकटतो. भोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. ती पिलं फुटून बाहेर पडतात आणि मासा शोधत पोहतात. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. मीठ म्हणा, औषध म्हणा, मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिलांना. मासा मेला तर परजीवीही त्याला सोडून जातो, म्हणून माझ्या मॉलीचं अंग स्वच्छ दिसलं. पाणी 25-26 अंशांचं असेल तर हा सगळा फेरा आठवड्याच्या आत होतो, गार पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतो.

आता सांगा, ठिपके दिसणारा एक मासा काढून काय साधलं? खड्यांत परजीवी होतेच. बाकीच्यांच्या कल्ल्यांत तर ते बाहेरून दिसतही नाहीत. व्हाइट स्पॉटमध्ये आजारी असते ती टाकी. औषधोपचार टाकीवरच करावा लागतो.

तो आम्ही केला. औषध लिटरच्या हिशेबाने द्यायचं असतं आणि आपली टाकी किती लिटरची हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. मापाची टेप उलटी केली, सेंटिमीटरच्या बाजूने. 91 लांबी, 38 रुंदी, पाणी 33 उंच. गुणाकार करून हजाराने भागलं की 114 लिटर. खड्यांची जागा वजा करून 100 धरले. लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने पहिल्या दिवशी 100 ग्रॅम खडेमीठ तांब्यात विरघळवून थोडं थोडं सोडलं, दुसऱ्या दिवशी तेवढंच. सकर आहे म्हणून त्यापुढे गेलो नाही, त्याला मीठ फारसं मानवत नाही. मॉलीला उलट चांगलंच मानवतं. हिटर एकेक अंश वाढवत दोन दिवसांत 30 वर नेला, आणि ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो म्हणून बुडबुडे सोडणारा हवेचा दुसरा दगड लावला. फेरा लवकर फिरवायचा, म्हणजे पिलं लवकर उघड्यावर येतात, असं गणित. निळं औषध टाकीत घातलं नाही, ते फिल्टरमधले, अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही मारतं. एक दिवसाआड खड्यांतली घाण नळीने ओढायची, पाव पाणी बदलायचं, बदललेल्या पाण्यापुरतं मीठ परत घालायचं. चौथ्या दिवशी ठिपके वाढले तेव्हा बायको म्हणाली, सोडून द्या सगळं. शेवटचा ठिपका गेल्यावरही मी दहा दिवस हे चालू ठेवलं. नव्यातली एक बलून मॉली गेली. बाकी सगळे आजही आहेत.

आजारी मासा कधीच वेगळा काढू नये, असं मात्र माझं म्हणणं नाही. नंतर फेब्रुवारीत एंजलने गोरामीचे पर कुरतडले, तेव्हा तिला मी त्याच दिवशी काढलं. टाकीत राहिली असती तर रोज मार खाल्ला असता. पोट फुगून खवले उभे राहिलेला मासाही बाजूला घ्यावा, कारण तो मेला की बाकीचे त्याला टोचून खातात. पण काढायचा तर ऊब, फिल्टर आणि क्लोरीन मारलेलं पाणी असलेल्या भांड्यात. नुसत्या बादलीत नव्हे.

आणि क्वारंटाइन हा शब्द. 2020 साली दुकान बंद होतं, मी घरी मास्क शिवत होतो. तेव्हा आपल्याच पेपरात अलगीकरण आणि विलगीकरण असे दोन शब्द यायचे आणि आम्ही त्यांची गल्लत करायचो. मुंबईहून माझा धाकटा भाऊ आला, त्याला गावाने चौदा दिवस झेडपीच्या शाळेत ठेवलं. चांगला धडधाकट होता, भयंकर चिडला होता. क्वारंटाइन ते. आजाऱ्याला वेगळं काढणं निराळं. माझ्या त्या दोन बलून मॉली भावासारख्याच धडधाकट दिसत होत्या, आणि त्यांनाच मी थेट घरात घेतलं.

आता इस्त्रीच्या टेबलाखाली 25 लिटरचा प्लास्टिकचा टब असतो. एक छोटा हिटर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, वेगळी लाल दांड्याची जाळी. त्याचा स्पंज फिल्टर एरवी मोठ्या टाकीतच चालू ठेवतो, म्हणजे जिवाणू तयार असतात आणि लागला की उचलून टबात टाकता येतो. नवा मासा चार आठवडे तिथे. माशांच्या दुकानातलं पाणी बेसिनमध्ये. एक गिऱ्हाईक म्हणालं, एवढी कटकट कशाला, आजारी पडले तर प्रीतिसंगमावर सोडून द्यायचे. तेवढं मात्र कोणी करू नये. पाळून नकोसा झालेला सकर लोकांनी असाच सोडला आणि आज तो देशातल्या कितीतरी नद्या-तळ्यांत पसरलाय.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्या चौकटीत दुरुस्ती छापावी. जागा कमी असेल तर ‘आजारी’च्या जागी ‘नवा’ घातलं तरी चालेल.

आपला,
एक टेलर वाचक, कराड