बाबा, त्या रात्री तुम्हाला बाकावर का थांबवलं होतं

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रुग्णालयातली रात्रपाळी करून आत्ताच खोलीवर आले. झोप येईना, म्हणून लिहायला बसले. हे फोनवर सांगणं मला जमलं नसतं. फोनवर आई रडायला लागते, मग मलाही रडू येतं, आणि बाबा "ठेव आता, थकली असशील" म्हणून विषय संपवतात.

आई, तुमच्यावर ओरडलेल्या त्या सिस्टरबद्दल सांगून परवा तू विचारलंस, "बाय, तू पण तिकडे लोकांशी अशीच बोलतेस काय गो?" मी गप्प राहिले. तुला वाटलं असेल, मला राग आला. तसं नव्हतं. उत्तर "हो" असं होतं, आणि ते तुला सांगायला जीभ वळेना.

तुम्ही सांगितलेलं मी पुन्हा पुन्हा मनात लावून पाहिलं. अकराच्या सुमारास बाबांच्या छातीवर दडपण आलं, शेजारच्यांची गाडी काढली आणि बारापर्यंत तुम्ही शहरातल्या त्या रुग्णालयात पोचलात. कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, गेल्या गेल्या ईसीजी काढला, रक्त घेतलं आणि सांगितलं, "बाकावर बसा." मग तीन तास कोणी फिरकलं नाही. मागाहून आलेल्या मोटरसायकलवाल्या पोराला स्ट्रेचरवरून तुमच्या डोळ्यांदेखत आत नेलं. तू दोनदा विचारायला गेलीस. दुसऱ्या वेळी सिस्टर ओरडली, "बाई, बाहेर थांबा म्हटलं ना, कळत नाही का?" आणि बाबा उठून म्हणाले, "चल, घरी जाऊ."

हे शेवटचं ऐकलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. बाबा, तुम्ही तेव्हा उठून गेला असतात तर?

आता नीट ऐका. छातीत दुखणारा माणूस आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढायचा, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. तो काढला. म्हणजे तुमच्याकडे कोणी बघितलंच नाही, असं झालं नाही. ईसीजी बरा होता. पण हार्ट अटॅक असूनही पहिला ईसीजी चांगला येऊ शकतो, म्हणून रक्त घेतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. ते लगेच दिसत नाही, काही तास जातात. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी माणसाला सोडत नाहीत. थांबवून घेतात आणि तीन तासांनी, काही ठिकाणी सहा तासांनी, पुन्हा रक्त घेतात. दोन्ही रिपोर्ट ताडून बघितल्यावरच घरी जा म्हणतात. सव्वातीनला तुमचं दुसऱ्यांदा रक्त घेतलं ना, ते यासाठी. त्या बाकावरचे तीन तास हा तपासणीचाच भाग होता.

थांबवलं ते बरोबरच केलं. ७१ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या माणसाला बाकावर न ठेवता मॉनिटर लावून खाटेवर ठेवायला हवं होतं, हे मी नर्स म्हणून सांगते. पण खाट रिकामी नसेल तर ती कुठून आणणार, हेही मला माहीत आहे. मला सहन होत नाही ते एकच. तीन तासांत एकाही माणसाने तुम्हाला "काका, दुसरं रक्त तीनला घ्यायचंय, तोवर इथंच बसा, दुखलं तर लगेच हाक मारा" एवढं सांगितलं नाही. हे बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्या अर्ध्या मिनिटाअभावी तुम्ही उठून निघाला होतात.

आणि हे अर्धं मिनिट मीही चुकवलं आहे. म्हणून त्या सिस्टरला शिव्या देणं मला जमत नाही.

मागच्या गळिताच्या हंगामातली गोष्ट. इथे घाटावर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि फडातल्या सर्पदंशाच्या केसेस सुरू होतात. एका संध्याकाळी पंचविशीच्या मुलाला त्याचा भाऊ खांद्यावर टाकून घेऊन आला. पायाला दात लागलेले, सूज चढत होती. घोणस असावी असं डॉक्टरांना वाटलं. घोणसीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते बघायची तपासणी अगदी साधी असते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हातसुद्धा लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर सर्पविषावरच्या लसीच्या दहा कुप्या सुरू करायच्या. लस आधीच का देत नाहीत, असं कोणालाही वाटेल. त्या लसीचीच काहींना इतकी जोरात रिअॅक्शन येते की जिवावर बेतू शकतं. गरज आहे हे दिसल्याशिवाय ती टोचत नाहीत.

मी रक्त घेतलं, नळी टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. दोन सिस्टर, एक डॉक्टर, आणि त्याच वेळी कीटकनाशक प्यायलेली एक बाई आत आली होती. तिच्या तोंडाला फेस, कपडे भिजलेले, सगळे तिच्याभोवती. त्या भावाला काय दिसलं? आपल्या भावाचं रक्त काढून नळीत ठेवलंय आणि बघायला कोणी नाही. दहा मिनिटांनी तो माझ्यामागे यायला लागला. "ओ सिस्टर, इंजेक्शन द्या की." मी म्हटलं, "थांबा." पुन्हा आला. मी म्हटलं, "डॉक्टर मी आहे का तुम्ही?" आई, मी स्वतः डॉक्टरसुद्धा नाही, आणि हे वाक्य मी म्हटलं. त्याने टेबलावर हात आपटला आणि नळी आडवी झाली.

तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. आणखी वीस मिनिटं. रक्त गोठलं नव्हतं. लस सुरू केली. पोरगा वाचला, पाय वाचला. पण त्या दुसऱ्या वीस मिनिटांत मी आणि तो भाऊ टेबलाच्या दोन बाजूंना उभे होतो आणि दोघांचेही हात थरथरत होते. आधी नळी दाखवून "यात बघा, वीस मिनिटांत रक्त थिजतंय का ते बघायचंय, हलवू नका" म्हटलं असतं, तर त्याने त्या नळीवर जिवापाड पहारा दिला असता. आता मी प्रत्येकाला नळी दाखवते. नातेवाईक घड्याळ लावून बसतात, कोणाला तिच्या जवळ येऊ देत नाहीत.

बाबा, तुम्ही एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतात. लहानपणी तुम्ही घरी येऊन सांगायचात ते मला आठवतं: गाडी पंक्चर झाली की तुम्ही आधी खाली न उतरता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचात, काय झालंय आणि अंदाजे किती वेळ लागेल ते. "सांगितलं की माणूस बसतो," असं म्हणायचात. नर्सिंगच्या कॉलेजात हे मला कोणी शिकवलं नाही. तुमच्याकडून ऐकलेलं होतं, आणि त्या संध्याकाळी मला ते आठवलं नाही.

आमची बाजूही तुम्ही ऐकून घ्या. रात्री एका पेशंटबरोबर पंधरा माणसं आत घुसतात. अर्धे मोबाइल वर धरून शूटिंग करतात. कोणीतरी नगरसेवकाला फोन लावून तो माझ्या कानाला लावतो. दारू प्यायलेला माणूस हात धरतो, आणि मी त्याच्याच डोक्याला टाके घालायची तयारी करत असते. अपघाताची केस असली की पोलिसांना कळवायचे कागद करावे लागतात, आणि लोकांना वाटतं आम्ही जखम सोडून कागद रंगवतोय. आधी उपचार, मग कागद, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच सांगून ठेवलंय, आणि आम्ही तसंच करतो. पण लिहिणारी सिस्टर दिसते, पडद्यामागे ड्रेसिंग करणारी दिसत नाही.

आणि भीती. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी मारलं, डोळ्याला गंभीर इजा झाली, ते तुम्ही पेपरात वाचून मला फोन केला होतात. राज्यभरातले निवासी डॉक्टर तेव्हा सामूहिक रजेवर गेले. मारहाणीविरुद्धचा कायदा २०१० पासून आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. त्याचा मोठा बोर्ड आमच्या दारावर लावलाय. मला त्या कायद्याचा आधार वाटतो, खोटं का सांगू? पण दारातून आत येणाऱ्या घाबरलेल्या माणसाला सगळ्यात आधी वाचायला मिळतं ते हेच, की हात उचललास तर तुरुंगात जाशील. लाल, पिवळा आणि हिरवा अशा तीन रांगा आम्ही मनात लावतो, लाल म्हणजे आत्ता, हिरवा म्हणजे थांबू शकेल असा, आणि मागून आलेला पुढे जातो तो त्याचा जीव जास्त धोक्यात असतो म्हणून. याचा बोर्ड कुठेच नाही. तुमच्या पुढे नेलेला तो मोटरसायकलवाला लाल होता, बाबा. मी मेट्रनबाईंना दुसरा बोर्ड मराठीत लावू या म्हणून लेखी दिलंय. अजून उत्तर आलेलं नाही. मी पुन्हा देणार आहे.

एका गोष्टीची मला आजही लाज वाटते. रात्री दोन वाजता तीन दिवसांचा ताप घेऊन एक ऊसतोड कामगार आला होता. मी वैतागून म्हटलं, "दिवसा ओपीडी असते ना? ही काय वेळ आहे यायची?" तो म्हणाला, "दिवसा आलो तर खाडा पडतो, बाई. मुकादम पैसे कापतो." केसपेपर हातात घेऊन तो रागावलासुद्धा नाही. मी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही.

आई, तू विचारलंस, तक्रार करायची का? कर. जरूर कर. पण "थांबवून ठेवलं" असं लिहू नकोस, त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असेल आणि ते बरोबरही असेल. असं लिही: दुसऱ्या रक्ततपासणीसाठी थांबवलंय हे आम्हाला सांगितलं नाही, त्यामुळे पेशंट उठून निघून जाणार होता. तारीख आणि वेळ घाल. सिस्टरचं नाव विचारत बसू नकोस. त्या रात्री ती किती जणांना एकटी सांभाळत होती ते आपल्याला माहीत नाही, आणि तिच्यावर कारवाई होऊन बाकावरच्या पुढच्या माणसाला काही कळणार नाही.

आता बाबांसाठी. दोन्ही रिपोर्ट चांगले आले म्हणून पुढचं टाळू नका. डॉक्टरांनी सांगितलेली टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आपण पुढच्या महिन्यात करू, मी रजा टाकली आहे. त्या रात्रीचा ईसीजी जपून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर नवा ईसीजी त्याच्याशी ताडून बघतील. ईसीजी, रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला लावा, आतल्या कपाटात नको. साखरेच्या पेशंटला कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसता घाम फुटतो, दम लागतो, जबडा किंवा हात भरून येतो. तसं झालं तर "गॅस असेल" म्हणून ओवा खाऊन झोपू नका. शेजारच्यांना उठवायला संकोच वाटला तर १०८ लावा. ती गाडी फुकट आहे, २०१४ पासून सुरू आहे आणि तिच्यात डॉक्टर असतात.

आणि कॅज्युअल्टीत गेलात की आई, तू पहिल्यांदा एवढंच विचार: "आता कशासाठी थांबायचं आहे, आणि किती वाजेपर्यंत?" आवाज न चढवता, पण उत्तर मिळेपर्यंत. कोणी ओरडलं तरी बाबांना उठू देऊ नकोस. मला फोन लाव. मी ड्युटीवर असले तरी उचलेन, आमच्या इनचार्ज सिस्टरना मी सांगून ठेवलंय.

बुधवारी रातराणीने निघते, गुरुवारी सकाळी घरी पोचेन. पिशवी खुंटीला लागली का ते आल्या आल्या बघणार आहे.

तुमची,
बाय