सुभेदार साहेबांस जाहीर आभारपत्र

आदरणीय सुभेदार साहेब,

सविनय नमस्कार.

आज्जीच्या खात्यावर कुटुंब निवृत्तिवेतन थकबाकीसह जमा झाल्याचे फोनवर कळवले, तेव्हा आपण "बरं झालं, पासबुक भरून घ्या" एवढेच बोलून फोन ठेवलात. आभार मानायची संधी आपण कुणालाच देत नाही, हे बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या भागात सर्वांना माहीत आहे. म्हणूनच हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपल्याला प्रसिद्धी रुचत नाही, त्यामुळे आपले नाव आणि गाव यात घातलेले नाही. ज्यांची कामे आपण केली आहेत, ते ओळखतीलच.

आजोबा गेल्यानंतर आज्जीचे पेन्शन अडले ते केवळ नावामुळे. लग्नात नाव बदलण्याची आपल्याकडची रीत; पलटणीच्या कागदांत आज्जीचे माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि रेशन कार्डावरचे तेच सासरचे नाव कानडीतून इंग्रजीत जाताना आणखी निराळे झालेले. तीन कागदांवरच्या तीन बायका एकच आहेत, हे ऐंशी ओलांडलेल्या बाईने कोणाला आणि कसे पटवून द्यावे? एका मध्यस्थाने तर काम करून देतो म्हणून थकबाकीतला हिस्साच मागितला होता. आपण मात्र डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीच्या वेळी मिळणारे नोंदींचे पुस्तक) आणि आजोबांचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) समोर मांडून काय कमी आहे ते शांतपणे पाहिलेत, प्रतिज्ञापत्राचा मजकूर सांगितलात, सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिलात आणि त्याची पोच मिळेपर्यंत पाठपुरावा सोडला नाहीत. तालुक्याच्या कचेरीत कानडीत, रेकॉर्ड ऑफिसात हिंदीत आणि आमच्या सोप्यात बसून आज्जीला मराठीत, असे एकच प्रकरण आपण तीनदा समजावलेत; आवाज कुठेही चढला नाही. झेरॉक्सचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, हे आज्जीला अजून खटकते.

पेन्शनचे काम एवढेच असते, तर हे पत्र इथे संपले असते. पण त्या डिस्चार्ज बुकातली पदकांची नोंद वाचताना आपण थांबलात आणि "पूर्वी स्टार आहे, पलटण १ मराठा, म्हणजे जमालपूरला होते का?" असे विचारलेत. पूर्वी स्टार हे १९७१ च्या युद्धातल्या पूर्व आघाडीचे पदक आणि १ मराठा म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही. आजोबांनी १९७१ च्या लढाईबद्दल आम्हांला फक्त एवढेच सांगितले होते की डिसेंबरात रात्री थंडी फार असे. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले, म्हणजे आजच्या बांगलादेशातले जमालपूर काय होते, ते त्या दुपारी आम्हांला आपल्याकडून कळले. शरण येण्याचा निरोप आपल्या सैन्याचे ब्रिगेडियर क्लेर यांनी पत्राने पाठवला, तेव्हा पाकिस्तानी तुकडीच्या कमांडरने उत्तराच्या पत्रात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून ढाक्याकडे निसटू पाहणारी तीच तुकडी वाट अडवून बसलेल्या १ मराठाच्या मोर्चांवर आदळली आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. आपण हे सांगताना कुठेही रंग भरला नाहीत. ज्याला जे माहीत आहे त्याने तेवढेच सांगावे, ही शिस्त आजोबांचीही होती. ते नेमके कोणत्या मोर्चात होते, हे कागदावरून कळत नाही, असेही आपण स्पष्ट सांगितलेत. एखाद्या हौशी माणसाने तिथे आजोबांना सर्वांत पुढे उभे केले असते.

निघताना आपले लक्ष देव्हाऱ्याकडे गेले. पणजोबांचे चांदीचे पदक आमच्याकडे टाकांच्या शेजारी असते आणि सणाला चिंचेने घासून लख्ख केले जाते. त्यावर राजाचे डोके आहे आणि पणजोबा "बसऱ्याला" गेले होते, यापलीकडे घरात कोणाला काही ठाऊक नव्हते. आपण भिंग मागवलेत, पदकाची कड खिडकीकडे धरलीत आणि झिजलेल्या अक्षरांतून त्यांचा नंबर, नाव आणि "११४ मराठाज" एवढे वाचून काढलेत. पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या ऑक्टोबरअखेरीस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, शरकत येथे तिथली शेवटची मोठी लढाई झाली, तीत ही पलटण होती. आणि सैन्याच्या १९२२ च्या फेररचनेत हिचीच प्रशिक्षण पलटण होऊन ती बेळगावात आली. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या ज्या प्रशिक्षण केंद्राच्या, म्हणजे मराठा सेंटरच्या, भिंतीजवळून आमची एसटी रोज जाते, त्याच्याशी आमच्या घराचे नाते आजोबांच्या भरतीपासूनचे आहे, असे आम्ही समजत होतो. ते त्याआधी एक पिढी मागे जाते. यापुढे चिंच लावू नका, अक्षरे जातात, हेही आपण आज्जीला बजावलेत. ती आता कोरड्या कापडाने पुसते.

पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांना शाल आणि नारळ देणारी मंडळी आमच्याकडेही आहेत आणि त्यांचा भाव खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. मात्र आजोबांना मिळालेल्या शाली ट्रंकेत घडी घालून पडल्या आहेत, आणि त्यांच्या बायकोचे पेन्शन सुरू झाले ते एका दुसऱ्या निवृत्त सैनिकाने उन्हात रांगेत उभे राहिल्यामुळे. आपली आणि आजोबांची पलटण एक नाही, ओळखही नव्हती. त्यांच्या माघारी त्यांच्या घरासाठी आपण जे केलेत, त्याबद्दल आमचे सगळे कुटुंब आपले ऋणी आहे.

आता एक विनंती. आमच्या खालच्या गल्लीतल्या एका हवालदारांच्या पत्नीचेही कागद नावावरूनच अडले आहेत. मी त्यांचे डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि बँकेचे पासबुक गोळा केले आहे, प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा आपण सांगितला होता त्याच धर्तीवर लिहिला आहे. सोमवारी सकाळच्या गाडीने घेऊन येतो, तपासून द्यावा. झेरॉक्सचे पैसे या वेळी मी देणार आहे, त्यावर कृपया वाद घालू नये.

आपला नम्र,
एका माजी सैनिकाचा नातू