त्या दोन पोरांचे मनापासून आभार

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात सभामंडपात 1948 सालचे जुने फोटो दाखवायचे होते. प्रोजेक्टर सुरू झाला, पण पडद्यावर नुसता निळा उजेड आणि ‘नो सिग्नल’. गर्दीतून दोन अनोळखी पोरं उठली. लॅपटॉपला एचडीएमआय वायरची जागा, प्रोजेक्टर मात्र जुन्या व्हीजीए वायरचा, म्हणून दोघं जुळेनात. गाडीवर जाऊन त्यांनी कन्व्हर्टर आणला, विंडोजचं बटण धरून पी दाबलं, ‘डुप्लिकेट’ निवडलं, म्हणजे लॅपटॉपवरचंच चित्र पडद्यावर. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरला वेगळी वायर दिली. वर फाकलेलं चित्र प्रोजेक्टरच्या कीस्टोन सेटिंगनं चौकोनी केलं. फोटोतले चेहरे ओळखून म्हातारी माणसं एकेकाचं नाव घेऊ लागली, हो!

पोरांनो, नाव न सांगताच गेलात. फार मोठं काम केलंत. कधीही या, जेवूनच जायचं.