मागच्या ड्रम ब्रेकच्या परफॉर्मन्स किटबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमचं मागच्या ड्रम ब्रेकचं किट मी घेतलं, त्यात दोन्ही बाजूचे नवे ब्रेक शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून टेकून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे) आणि मोठे व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणारे) आहेत. पाकिटावर छापलंय की कुठलाही बदल न करता थेट बसतं आणि ब्रेक लगेच जास्त पकडतो. हे दोन्ही चुकीचं आहे आणि दुसरं तर धोक्याचं आहे म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी शूचं सांगतो. माझ्या ड्रमला एकदा टर्निंग झालंय, म्हणजे आतून लेथवर घासून सपाट केलाय, पण त्यावर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आत आहे, म्हणजे वापरायला ठीक. शू बसवल्यावर पेडल मऊ लागत होतं म्हणून ब्रेकच्या पाइपमधली हवा दोनदा काढली, ऑइल नवीन टाकलं, शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा ॲडजस्टर बघितला, काही फरक नाही. शेवटी ड्रम उघडून लायनरवर, म्हणजे शूच्या घासणाऱ्या थरावर, खडू घासला आणि ड्रम लावून चाक फिरवलं तर खडू फक्त मधल्या इंचभर पट्टीवरचा पुसला गेला, वरचं खालचं टोक जसंच्या तसं पांढरं. म्हणजे शूची गोलाई ड्रमपेक्षा लहान आहे, एवढ्याशा जागेवर सगळी उष्णता येणार आणि लायनर तापला की ब्रेकची पकड कमी होणार. शू ड्रमच्या मापाने घासून घ्यायला लागतात हे जुना मेकॅनिकसुद्धा सांगतो, तुमच्या कागदावर मात्र त्याचा एक शब्द नाही. मी ते माझ्या खर्चाने ग्राइंड करून घेतले.

आता मुख्य गोष्ट. शू नीट टेकायला लागल्यावर ब्रेक खरंच कडक झाला, मला बरं वाटलं, पण ओल्या रस्त्यावर साधाच ब्रेक दाबला तर मागची दोन्ही चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली आणि गाडीचा मागचा भाग बाजूला सरकला, शेजारी माझी आई बसली होती, रस्ता रिकामा होता म्हणून आम्ही वाचलो. माझ्या गाडीत एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही.

नंतर सिलिंडर मोजले. जुना 19 मिमी, तुमचा 22 मिमी. व्यास थोडाच वाढलेला दिसतो पण जोर क्षेत्रफळावर ठरतो, म्हणजे त्याच प्रेशरला जवळपास 34 टक्के जास्त जोर, तोही फक्त मागच्या शूंवर. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, त्यांना उलट कमी ब्रेक लागतो. त्यात ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्याने स्वतःच ड्रमवर आणखी दाबला जातो, त्यामुळे तिथे वाढवलेला जोर आणखी वाढतो. आणि मोठ्या सिलिंडरला ऑइल जास्त लागतं म्हणून पेडलही आधीपेक्षा खाली जातं. पुढे काहीच न बदलता फक्त मागे मोठा सिलिंडर देणं हे तुमच्याकडे कोणी तपासलं का?

कस्टमर केअरला फोन केला तर माझी चालवायची पद्धत चुकीची म्हणाले. मी त्याच गाडीत जुने 19 मिमीचे सिलिंडर परत टाकले, तुमचे घासलेले शू तसेच ठेवले, आणि आता चाकं लॉक होत नाहीत, ब्रेक आधीपेक्षा चांगला आणि सरळ लागतो. मग चूक माझ्या पायाची कशी?

शू चांगले आहेत हे मी मान्य करतो, लायनरची क्वालिटी मला आवडली. पण हे सिलिंडर या किटमधून काढा, ज्यांनी आधी घेतलंय त्या प्रत्येकाला कळवा, थेट बसतं हे वाक्य पाकिटावरून काढून शू ड्रमला जुळवून घ्या असं स्पष्ट लिहा. मला सिलिंडरचे आणि ग्राइंडिंगचे पैसे परत पाहिजेत. खडूच्या टेस्टचे आणि मापाचे फोटो सोबत जोडलेत, सिलिंडर बॉक्समध्ये भरून ठेवलेत, घेऊन जायला माणूस पाठवा. 15 दिवसांत लेखी उत्तर द्या, फोनवर नको.

तुमचा ग्राहक