सईची बंद पडलेली बिस्किटं

एडिसन, न्यू जर्सी
२० जुलै

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलतोच आपण, पण हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू ‘बरं बरं’ म्हणत कुकर बंद करायला गेली असतीस. म्हणून लिहिते.

सई सुट्टीला घरी आली आहे. आल्या आल्या फ्रीजर उघडला आणि विचारलं, “पिनव्हील्स कुठायत?” तू इथे आली होतीस तेव्हा तिने तुझ्यापुढे धरलेली ती बिस्किटं आठवतात ना? खाली बिस्कीट, वर मार्शमेलोचा पांढरा थर, सगळ्यावर चॉकलेटचं कवच आणि त्यावर भिरभिऱ्यासारखे वळसे. ती फ्रीजरमध्ये ठेवूनच खायची. गार झालं की चॉकलेट कटकन तुटतं. तू विचारलंस, “यात असतं काय गं?” मी जिलेटिन म्हटलं, तर आगाऊ पोरीने डुकराची कातडी, गाईची हाडं असं सगळं तुला वाचून दाखवलं. तू बशी लांब सरकवलीस ती सरकवलीसच!

तर नबिस्को कंपनीने ती बिस्किटं बंद केली आहेत. झाली त्याला काही वर्षं. कॉलेजात जाणारी मुलगी, पण खरोखर हिरमुसली. ह्यांना हसू आलं. मला नाही आलं, कारण तू साठ्यांच्या बंद झालेल्या बिस्किटांची आठवण काढतेस तेव्हा तुझा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. आणि तुझे बेसनाचे लाडू कुणी बंद करू शकत नाही, ते तुला येतात, मला येतात. हिच्या लाडक्या खाऊची कृती मात्र कारखान्यात. त्यांनी खप बघितला आणि विषय संपवला.

त्याच कंपनीची मॅलोमार्स नावाची बिस्किटं अजून निघतात. तीही अशीच, फक्त चॉकलेट जरा कडू. १९१३ सालची, आणि पहिल्यांदा विकली गेली ती आमच्याच न्यू जर्सीत, वेस्ट होबोकनच्या एका वाण्याकडे. पण आता जुलै! गाड्यांना थंड ठेवायची सोय नव्हती तेव्हा उन्हाळ्यात चॉकलेट वितळायचं, म्हणून ती फक्त थंडीच्या महिन्यांत विकत. आता सोय आहे, तरी प्रथा तीच. इथले जुने लोक हापूसची वाट बघावी तशी सप्टेंबरची वाट बघतात आणि खोकी भरून फ्रीजरमध्ये ठेवतात.

सप्टेंबरपर्यंत कोण थांबणार? सईने घरीच करायचा घाट घातला, तेही तुला चालावं म्हणून चायना ग्रास घालून. चव छान होती, पण ती झाली मार्शमेलोऐवजी खरवसाची वडी. जिलेटिन अंगाच्या उबेनेच विरघळतं, म्हणून मार्शमेलो तोंडात टाकला की नाहीसा होतो. चायना ग्रास घट्ट झालं की वितळायला जवळजवळ उकळतं पाणी लागतं, ते तोंडात कसलं विरघळतंय? आता ती अंड्याच्या पांढऱ्याचं म्हणते आहे. स्कॉटलंडचे टनॉक्सवाले त्यांच्या टीकेकमध्ये तेच घालतात म्हणे. म्हणजे तुला तेही नाही चालायचं.

दादाच्या मुलांना सांग, तिथल्या लोटेच्या चोको पायवर हिरवा ठिपका असतो, तो आजीला द्या. पिनव्हील्स नव्हेत, पण मार्शमेलो म्हणजे काय ते तरी कळेल तुला. खाऊन बघ आणि खरं सांग, उगाच सईचं मन राखू नकोस.

मावशी ऑक्टोबरात येते आहे, तिच्याबरोबर भाजणी पाठव. चकलीची नको, थालीपिठाची. बाबांचा साखरेचा रिपोर्ट आला का? ह्यांचा नमस्कार.

तुझी,
मीनल