मंत्रीमहोदय, एकदा आषाढात मुक्कामाला या

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

मी पुण्यात नोकरी करतो. घर मात्र राजगड तालुक्यातल्या, म्हणजे पूर्वीच्या वेल्ह्यातल्या, एका डोंगरवाडीत. सतरा उंबरे. विजेचे खांब वर न्यायला रस्ता नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी सौर संच बसला. नारळ फुटला एप्रिलमध्ये. त्या उन्हात पंखेसुद्धा फिरले, आई रडली होती.

आषाढात आमच्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पॅनेलवर पाणी निथळत राहतं, बॅटऱ्या उतरतात. उतरलेल्या तशाच राहिल्या की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं, मग त्या पुन्हा पुरत्या चार्ज होत नाहीत. आमच्या चौथ्या पावसाळ्यात गेल्या. अजून त्या खोलीत रांगेने उभ्या आहेत, टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी चढलेली. बदलायचा खर्च कोणी करायचा हे करारात लिहिलेलंच नव्हतं. दोन वर्षं अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय, आणि कागदोपत्री वाडीत वीज आहे.

माझा राग सौरऊर्जेवर नाही. याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत, 2012 मध्ये सुमारे 40 घरांसाठी सौर मायक्रोग्रिड, म्हणजे वाडीपुरतं छोटं वीजजाळं, उभं राहिलं. घरोघरी मीटर लागले, लोकांनी वापराप्रमाणे पैसे भरले. आम्हीही भरू. पण सतरा घरांच्या वर्गणीतून अख्ख्या बॅटऱ्या येणार नाहीत.

आणि नुसत्या उन्हाच्या भरवशावर तरी का राहायचं? ऊन नसतं तेव्हाच आमचे ओढे फुगलेले असतात. सेकंदाला 10 लिटर पाणी पाइपातून 20 मीटर खाली आणलं, तर निम्मी तूट धरूनही जवळपास एक किलोवॅट वीज मिळते, तीही रात्रंदिवस. सतरा घरांच्या दिव्यांना आणि मोबाइलला ती पुरते. मुळशीचं पाणी 1927 पासून भिऱ्याच्या वीजघरात पडतंय. पाण्यातून वीज होते हे या डोंगरांना नवं नाही.

म्हणून मागणं एवढंच. दुर्गम वाडीची योजना मंजूर करताना बॅटरी बदलण्याची आणि दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम त्याच मंजुरीत धरा. जिथे ओढा आहे तिथे सौर संचाला छोट्या टर्बाइनची जोड द्या. वाडीतल्या दोन पोरांना दुरुस्ती शिकवा, म्हणजे एका फ्यूजसाठी पुण्याहून माणूस यायची वाट बघावी लागणार नाही. आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला एप्रिलमध्ये नव्हे, पावसाळ्यानंतर द्या.

येत्या आषाढात आमच्याकडे मुक्कामाला या. पायथ्यापासून दीड तासाची चढण आहे. न्यायला मी येईन.

आपला नम्र,
वाडीतला एक रहिवासी, सध्या मुक्काम पुणे